न दचकणारी पोर

मला इंग्रजीतला एकच शब्द नीट येतो. स्टार्टल. म्हणजे दचकणं. मी चौथी शिकलेली, आणि आमच्या वेळी चौथीपर्यंत इंग्रजी नव्हतंच. हा शब्द मला दाईच्या कामात मिळाला. या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, तुमच्या कामातल्या गमती लिहा. गमती थोड्या आहेत. त्या आधी सांगते, मग जे सांगायचं आहे ते सांगते.

आमचं गाव फुलसावंगीच्या पुढे, नाल्याच्या काठी. बाळंतपणाचं काम माझ्या सासूकडून माझ्याकडे आलं. आमचं घर बौद्ध झालं तेव्हा सासऱ्यानं गावकीची सगळी कामं टाकली. मेलेली ढोरं ओढणं टाकलं, सांगावे घेऊन जाणं टाकलं. सासूनं तिचं काम टाकलं नाही. ती म्हणायची, ढोर ओढणं वेगळं आणि मूल ओढणं वेगळं. मीही टाकलं नाही. गावातल्या कुठल्याही घरात बाळंतिणीच्या खोलीपर्यंत मला कोणी अडवलं नाही. त्याच घरात चहा मात्र वेगळ्या कपात मिळायचा. मूल बाहेर येईपर्यंत माझा शब्द खाली पडत नसे. नाळ कापली की मी पुन्हा उंबऱ्याबाहेर. हे असं होतं. पुढं काही घरांत कप बदलले, काही घरांत नाही.

सरकारनं दायांना शिकवायचं ठरवलं तेव्हा आम्हा आसपासच्या गावांतल्या बायांना आरोग्य केंद्रात बोलावलं. सतरंजीवर बसवलं. एक रबरी बाहुली, साबण, नवं पातं, दोरा असं पुढ्यात ठेवलं. शिकवणारी नर्सबाई चंद्रपूरकडची होती, वयानं माझ्या निम्मी आणि तोंडानं माझ्यासारखीच फटकळ. तिचं पुस्तक अर्धं इंग्रजीत होतं. नखं वाढवलेल्या एका बाईचा हात तिनं सगळ्यांसमोर वर धरला आणि विचारलं, ह्या हातानं तू स्वतः जेवशील का? त्या बाईनं तिथंच दातानं नखं कुरतडायला घेतली. आम्ही हसलो, मग सगळ्यांनीच आपापल्या पदराखाली हात घेतले.

तिसऱ्या दिवशी तिनं तिथल्याच एका बाळंतिणीचं दोन दिवसांचं मूल आणलं. एक हात पाठीखाली, एक डोक्याखाली. डोक्याखालचा हात तिनं बोटभर खाली नेला आणि लगेच डोकं पुन्हा झेललं. तेवढ्यात मुलानं दोन्ही हात झटकन फाकवले, बोटं पसरली, पाय झाडले, आणि मग हात असे जवळ आणले जसं कोणाला मिठी मारायची आहे. नर्सबाई म्हणाली, ह्याला स्टार्टल म्हणतात. हे झालं पाहिजे. दोन्ही हातांनी झालं पाहिजे. नाही झालं तर मूल माझ्याकडे पाठवायचं.

आमच्यातली एक म्हातारी दाई म्हणाली, ते तर सटवाई भेव दाखवते म्हणून मूल दचकते, त्यात पाहण्यासारखं काय. नर्सबाई म्हणाली, सटवाई दाखवो नाही तर कोणी दाखवो, दचकलं पाहिजे.

तिनं आणखी एक सांगितलं, आणि ते मी इथं नीट लिहिते. दचकणं दोन तऱ्हेचं असतं. एक हिसक्याचं, एक आवाजाचं. हिसक्यानं दचकलं म्हणजे हातपाय आणि मेंदू बरा. आवाजानं दचकलं म्हणजे कान बरा. दोन्ही वेगळं पाहायचं. आवाजाचं पाहताना मुलाच्या मागं उभं राहायचं, वारा लागू द्यायचा नाही, बाजेला किंवा पाळण्याला हात लावायचा नाही, आणि तुरीच्या डाळीचा पत्र्याचा डबा एकदाच जोरात हलवायचा. साधी गोष्ट. ज्या घरात काही नाही त्या घरातही डाळीचा डबा असतो.

या शिकण्याचा मला उपयोग झाला. एका घरी मूल झालं, चांगलं वजनदार. डोकं बोटभर खाली नेलं तर डावा हात फाकला, उजवा तसाच पडून राहिला. मी बापाला म्हटलं, पुसदला घेऊन जा, उजव्या खांद्याला काहीतरी झालं आहे, बाहेर येताना अडकला होता. बापानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाला, डॉक्टर तुले काय देते पेशंटमागं? मी म्हटलं, डॉक्टर मले वळखत बी नाई, पण हा पोरगा मोठा झाल्यावर डाव्या हातानं तुले मारन तवा मह्याकडं येजो नको. तो गेला. हाड मोडलं होतं, बांधून दिलं, जुळलं. तो मुलगा आज ट्रॅक्टर चालवतो आणि मला पाहिलं की उजवा हात वर करतो. एवढा अभिमान मी स्वतःला बाळगू देते.

हायस्कूलवर इंग्रजी शिकवणारे एक सर गावात राहायचे. त्यांच्या बायकोची दोन्ही बाळंतपणं माझ्या हातची. एकदा मी त्यांना विचारलं की हा स्टार्टल शब्द आला कुठून. त्यांना आनंद झाला, कारण वर्गात त्यांना असलं कोणी विचारत नसे. त्यांनी जाडं पुस्तक काढलं, चष्मा लावला. म्हणाले, शब्द फार जुना आहे. सुरुवातीला त्याचा भीतीशी संबंध नव्हता. लाथा झाडणं, तडफडणं, एवढाच अर्थ. मग गुरंढोरं उधळून इकडंतिकडं पळतात त्याला लोक तो शब्द वापरू लागले. त्यात भीती नंतर आली. आणि दुसऱ्याला दचकवणं हा अर्थ तर त्याच्याही नंतरचा.

मी म्हटलं, सर, हा शब्द त्यांच्याकडच्या एखाद्या दाईनंच काढला असंल. ते हसले. पण मी थट्टा करत नव्हते. दोन दिवसांच्या मुलाला कसली भीती माहीत असते? त्याला वाघ माहीत नाही, पोलीस माहीत नाही. पण हातपाय झाडतं. आधी अंग दचकतं. भीती पुढं येते, माणूस घरच्यांची तोंडं वाचायला शिकला की.

आणि त्या वर्षांत तोंडं वाचायला काही लागत नव्हतं. कापसाची ती वाईट वर्षं होती. एका हंगामात अळी, एका हंगामात पाणी नाही, एका हंगामात कापूस भरपूर आणि घेणारा कोणी नाही. घराघरांतले पुरुष वणीकडं कोळशाच्या गाड्यांवर निघून गेले. दारात मोटरसायकल थांबली की घरातल्या बाया हातातलं काम टाकून उभ्या राहत. कोणाचा फोन आला तरी आधी छातीवर हात. माझ्याकडे बाया यायच्या, मावशी छातीत धस्स होते, काही देता का. मी काय देणार? मी म्हणायची, दोन घास खा आणि झोप. मोठ्या माणसाचं दचकणं माझ्या कामात बसत नव्हतं.

आता रंजनाचं.

रंजना आमच्या गावची सून. नवरा वणीला ट्रकवर, घरात सासू सारजाबाई आणि ही. पहिलं मूल तिनं सातव्या महिन्यात गमावलं होतं. दुसऱ्या वेळी दिवस भरत आले तरी वेचणीला जात होती, कारण वेचणाऱ्या बाया मिळत नव्हत्या. भर दुपारी कळा सुरू झाल्या तेव्हा शेतातून चालत घरी आली. मी पोचले तेव्हा कमरेचं वेचणीचं फडकं तसंच होतं, आणि त्यात कापूस. फडकं मी सोडलं. उन्हं कलायच्या आत मुलगी झाली. लगेच रडली. पातं नवं, दोरा उकळलेला, सगळं पुस्तकाप्रमाणं केलं.

आमच्याकडे मूल झालं की थाळी वाजवतात. मुलगा झाला तर गल्लीभर ऐकू जाईल अशी, मुलगी झाली तर बऱ्याच घरांत वाजतच नाही. सारजाबाईनं वाजवली. म्हणाली, पहिलं गेलं, हे जगलं, मले पोरगा पोरगी काई नाई. मुलीला सुपात ठेवलं होतं, सूप बाजेवर. सारजाबाई त्याच बाजेवर बसली, काशाची थाळी मांडीवर धरली आणि उलथन्यानं अशी बडवली की शेजारची कुत्री भुंकायला लागली. मुलीनं दोन्ही हात फाकवले, पाय झाडले. दचकली, दचकली म्हणून सगळ्या बाया हसल्या. मीही हसले.

डबा मी हलवला नाही. एवढी थाळी वाजली, पोर दचकली, आता डबा कशाला, असं मला वाटलं. बाजेला हात लावायचा नाही हे मला शिकवलेलं होतं. तिथं तर आख्खी बाई बाजेवर बसून थाळी बडवत होती, प्रत्येक फटक्याला बाज हलत होती. मी ते डोळ्यांनी पाहिलं आणि डोक्यात घेतलं नाही. घाई होती का? नव्हती. दमले होते का? रोजच्याइतकीच.

मुलीचं नाव मोनाली ठेवलं. पाचव्या महिन्यात रंजना तिला कडेवर घेऊन माझ्या घरी आली. तिथं आणखी तीन-चार बाया बसल्या होत्या. म्हणाली, "मावशी, मोनू दचकत नाई. काल आमच्या टिनावर माकडं पडली. मी उडाली, सासू उडाली. हे दूध पेतच राह्यली."

मी पोरीकडे पाहिलं. टवटवीत, डोळे भिरभिर फिरत होते, माझ्या बांगड्या पाहून हसली. मी म्हटलं, "बरं हाये ना मंग. या गावात एक तरी माणूस भेत नाई."

बाया खूप हसल्या. फार दिवसांनी कोणी तसं हसलं असेल. ते वाक्य त्या दिवशीच गावभर झालं. सारजाबाई ज्याला त्याला सांगू लागली, आमची नात निडर हाये, दाईनं सांगितलं. दिवाळीत फटाक्यांच्या लडीजवळ पोरीला मुद्दाम नेऊन बसवायचे आणि ती हलत नाही म्हणून कौतुक करायचे. त्या भेदरलेल्या गावाला असं एक लेकरू पाहिजेच होतं. मलाही पाहिजे होतं.

दहाव्या महिन्यात रंजना पुन्हा आली, या वेळी एकटीच. म्हणाली, मी मागून हाक मारते तर पाहत नाई. मी चिडले. म्हटलं, तुझं पहिलं गेलं म्हणून तू उगाच शोधत बसतेस, पोरगी चांगली आहे, हाका मारून तिचं डोकं फिरवू नको. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली आणि गेली. त्यानंतर आली नाही.

दोन वर्षांची होत आली तरी पोरीला एक शब्द नव्हता. तेव्हा सारजाबाईचा सूर बदलला. ग्रहणात हिनं भाजी चिरली होती म्हणून. हिच्या माहेरी कोणी मुकं असंल, लपवलं म्हणून. आधी घरात, मग नळावर, मग कोणी भेटेल त्याला. मुलानंही वणीहून निरोप धाडला की बायकोला काही दिवस माहेरी ठेवा. काही दिवस म्हणजे काय हे गावात सगळ्यांना कळतं. रंजनानं एका शब्दानं सांगितलं नाही की मी दाईला विचारलं होतं.

मला कळलं ते हातपंपावर. भरलेली हंडी माझ्या हातातून निसटली आणि फरशीवर पडली. पंपावरच्या सगळ्या बाया वळल्या, कोंबड्या फडफडत पळाल्या. मोनाली माझ्याकडे पाठ करून हातभर अंतरावर माती खेळत होती. ती वळली नाही. एक कोंबडी तिच्या समोरून धावली तेव्हा तिनं मान वर केली, आणि कोंबडी कुठून आली हे पाहायला मागं पाहिलं.

मी घरी जाऊन डाळीचा डबा घेतला आणि सारजाबाईच्या अंगणात गेले. पोरीच्या मागं उभी राहिले आणि हलवला. मग पुन्हा हलवला. दोन वर्षं उशिरा.

नर्सबाईनं चिठ्ठी दिली. यवतमाळला जायला मीही सोबत गेले, एसटीत तिघी आणि पोर. तिथल्या डॉक्टरनं यंत्रानं तपासलं आणि सांगितलं की जन्मापासून दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. मशीन लावता येईल, शाळा आहे, ती शिकेल. पण सहा महिन्यांची असताना आणली असती तर बोलणं पुष्कळ आलं असतं, आता जेवढं येईल तेवढं. मग त्यानं कागदावर लिहायला म्हणून विचारलं, आईच्या पहिल्यांदा कधी लक्षात आलं?

सारजाबाई म्हणाली, "हिच्या काय लक्षात येते? हिले काई समजत असतं तर."

रंजनानं माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर पेन धरून थांबला होता. मी खिडकीकडे पाहिलं. खिडकीत काही नव्हतं, समोरच्या इमारतीची भिंत होती. डॉक्टरनं काहीतरी लिहिलं आणि पुढचा पेशंट बोलावला.

मी बोलले असते तर काय झालं असतं हे मला माहीत होतं. दुसऱ्या दिवसापासून मला कोणी बोलावलं नसतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, शेत नव्हतं, मूल नव्हतं. या हातांशिवाय माझ्याकडं काही नव्हतं, आणि या हातांची चूक झाली हे मी स्वतःच्या तोंडानं सांगायचं होतं. एसटीत परत येताना सारजाबाई तेच बोलत राहिली. रंजना पोरीला मांडीवर घेऊन बाहेर पाहत होती.

चार दिवसांनी सकाळी रंजनाचा भाऊ तिला न्यायला आला. पिशवी भरलेली होती. पोर इथंच राहील असं सारजाबाईचं म्हणणं, कारण पोर त्यांच्या घरची. रंजना पोरीला सोडत नव्हती, ओरडतही नव्हती, नुसती धरून उभी होती. भाऊ खाली पाहत होता. अंगणात आठ-दहा माणसं जमली होती. मी जाऊन सारजाबाईसमोर उभी राहिले.

मी म्हटलं, "सारजाबाई, रंजनाले पाच महिन्यांतच समजलं होतं. ते मह्या घरी आल्ती. मी तिले हसण्यावारी नेलं. चूक माही हाये."

सारजाबाई म्हणाली, "तू बी तर हासली होती, थाळीनं दचकली म्हणून."

"बाज हालली म्हणून दचकली. मले पाहायला पाहिजे होतं. डब्यानं पाहायचं असते, मले शिकवलं होतं, मी पाह्यलं नाई."

मला वाटलं ती शिव्या देईल. ती ओट्यावर बसली. मग विचारलं, "मंग माही थाळी तिनं आयकलीच नाई?"

मी म्हटलं, "नाई."

तिनं तोंडावर पदर घेतला. पहिल्यांदाच कोणी त्या पोरीसाठी रडलं असेल, तोपर्यंत सगळे एकमेकांवर रागावण्यातच होते. भावानं पिशवी खाली ठेवली, चहा न घेता गेला. सारजाबाईनं सुनेची माफी मागितली असं नाही. त्या पिढीला ते येत नाही, मलाही येत नाही. पण ग्रहणाची गोष्ट पुन्हा निघाली नाही, आणि वणीहून आलेल्या मुलाला तिनंच दारात गाठून सांगितलं की सून कुठं जाणार नाही.

त्यानंतर मला आणखी एका घरी बोलावलं, ते लोक गावात नवीन होते म्हणून. मग तेही बंद झालं. पुढं पुढं गाडी येऊन बाळंतिणीला दवाखान्यात नेऊ लागली आणि सगळ्याच दाया घरी बसल्या. लोक म्हणतात, गाडीनं दायांचं काम गेलं. बाकीच्यांचं तसं गेलं असेल.

मोनाली मशीन लावून निवासी शाळेत शिकली. थोडं बोलते, जाड आवाजात, घरच्यांना समजतं. हातांनी भराभर बोलते, ते मला समजत नाही. मी रस्त्यानं दिसले की ती वाकून नमस्कार करते. तिला कोणी काही सांगितलेलं नाही.

रंजना माझ्याशी नीट वागते. सणाला ताट पाठवते. त्या सकाळी अंगणातली माणसं पांगल्यावर ती पिशवी उचलून आत नेत होती, तेव्हा माझ्याजवळ थांबली. हळूच विचारलं, "मावशी, दवाखान्यात काहून नाई बोलली?"

मी म्हटलं, "भेली."

ती म्हणाली, "मी बी भेतच होती. तरी मी तुह्या घरी आल्ती. दोनदा."